जळती बिडी फेकणाऱ्याला दंड किती असावा? ग्रामसभेआधी मतं हवीत

धुऱ्यावरचा (यवतमाळ जिल्हा)

नमस्कार मंडळी. आमच्या गावाला तीन बाजूंनी सागाचं जंगल आहे आणि चौथ्या बाजूला डांबरी रस्ता. येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत एक विषय मांडायचा आहे, म्हणून हा धागा काढतो.

विषय असा की १५ फेब्रुवारी ते १५ जून या आगीच्या हंगामात जंगलाच्या कडेला, वावराच्या धुऱ्यावर (बांधावर), गंजीजवळ किंवा रस्त्याच्या बाजूच्या गवतात जळती बिडी-सिगारेट फेकली की दंड. आग लागो किंवा न लागो.

आज दंड-शिक्षेची जी भाषा चालते ती सगळी आग लागून गेल्यावरची. सोयाबीनची गंजी जळते, तलाठी येतात, पंचनामा होतो, कारणाच्या रकान्यात ‘अज्ञात’ लिहिलं जातं. जंगल जळलं तरी तेच. राखेतून थोटूक कोण शोधून काढणार आणि ते कोणाचं हे कोण सिद्ध करणार? म्हणून फेकण्याच्या क्षणालाच किंमत लावावी, असं मला ठामपणे वाटतं. रक्कम छोटी ठेवा, पण ती चुकता कामा नये.

आता प्रश्न. ग्रामसभेला असा दंड लावता येतो का? रक्कम किती ठेवावी? रस्त्यावरून जाणाऱ्या बाहेरच्या गाड्यांचं काय करावं? कुणाच्या गावात असं काही चालू असेल तर जरूर लिहा.

पानठेला_चौक (चंद्रपूर जिल्हा)

भाऊ, दंडाच्या आधी डबा ठेवा. माझ्या ठेल्यासमोर तेलाचा रिकामा पिपा कापून त्यात रेती भरून ठेवली आहे. लोक टाकतात त्यात. डबा नसला तर माणूस थोटूक खिशात घालणार आहे का?

वऱ्हाडी_ठेचा (वाशीम)

काय राजेहो, गरिबाच्याच खिशात हात घालायचा? रोजमजुरीवर येणारा माणूस दुपारी धुऱ्यावर बसून एक बिडी ओढते, त्याच्यावर तुमी पाचशे रुपये दंड लावान तर त्याची दोन दिवसाची मजुरी गेली. अन् मोठा कास्तकार पऱ्हाट्या (कापसाची वाळली झाडं) पेटवून देते, धुरे पेटवते, त्याले कोण इचारते? आमच्याकडे जेवढ्या आगी पाहिल्या त्यातल्या जास्त धुरा पेटवल्याच्या होत्या. बिडीचं नाव सोपं हाय म्हणून घेतात.

काळाकोट_वर्धा

धुऱ्यावरचा भाऊंनी विचारलं म्हणून कायद्याची बाजू लिहितो. थोडं लांबेल.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम २८७ प्रमाणे आग किंवा ज्वलनशील पदार्थ हाताळताना माणसाच्या जिवाला धोका होईल किंवा दुसऱ्याला इजा होण्याचा संभव असेल असा निष्काळजीपणा केला, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जुन्या दंड संहितेत हेच कलम २८५ होतं आणि दंड १,००० होता. म्हणजे आग लागलीच पाहिजे अशी अट या कलमात नाही. धोका पुरेसा आहे. त्यामुळे ‘सगळे कायदे आग लागल्यानंतरचे’ हे पूर्ण खरं नाही. पण कलम माणसाच्या जिवाबद्दल आणि इजेबद्दल बोलतं. रिकाम्या रानात फेकलेल्या थोटकाला ते लावणं प्रत्यक्षात अवघड जातं.

मुद्दाम किंवा नुकसान होणार हे माहीत असताना आग लावून शेतमाल जाळला तर कलम ३२६ लागतं, त्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. निष्काळजी बिडीला ते लागत नाही, हेतू किंवा जाणीव दाखवावी लागते.

राखीव जंगलासाठी भारतीय वन अधिनियम १९२७ चं कलम २६ आहे. जंगलाला धोका होईल अशी आग पेटवणं किंवा जळती सोडून देणं हा गुन्हा आहे. मूळ कायद्यात सहा महिने कैद किंवा ५०० रुपये दंड, आणि शिवाय झालेल्या नुकसानीची भरपाई. अभयारण्यात वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चं कलम ३० येतं. त्याची शिक्षा तीन वर्षांपर्यंत, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर दंड एक लाखापर्यंत. ताडोबा, मेळघाट, पेंच, नागझिऱ्याच्या आसपासच्या गावांनी हे लक्षात ठेवावं.

बरेच जण सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानबंदीचा २००३ चा कायदा पुढे करतात. त्यात दंड २०० रुपयांपर्यंतच आहे, आणि सार्वजनिक ठिकाणाच्या व्याख्येतून मोकळी जागा वगळली आहे. धुरा, पांदण, जंगलाची वाट त्यात बसत नाही. तो कायदा दुसऱ्याच्या फुफ्फुसासाठी आहे, आगीसाठी नाही.

पूर्वझाडी (गोंदिया)

@काळाकोट, छान लिहिलंत. एक शंका. आमच्याकडे गावाला लागून सगळं झुडपी जंगल आहे. ते कोणत्या कलमात बसतं?

काळाकोट_वर्धा

पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांतली झुडपी जंगलाची जमीन ही वनजमीनच मानायची, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये सांगितलं आहे. पण ते वनसंवर्धन कायद्याच्या संदर्भात. कलम २६ राखीव जंगलाला लागतं, संरक्षित जंगलाला कलम ३३. तुमचा तुकडा कशात आहे ते सातबारा आणि वन विभागाच्या नोंदीवरून पाहा. त्याशिवाय उत्तर देणार नाही.

जाळरेषा (निवृत्त वनपाल)

धागा पाहून राहवलं नाही. नोकरीची सगळी वर्षं जंगलात काढली, उन्हाळे तर आगीमागे धावण्यातच गेले.

वऱ्हाडी_ठेचा यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. आपल्याकडे जंगलात आग लागते ती मुख्यतः माणसामुळे, आणि त्यात मोहफुलाचा आणि तेंदूचा वाटा मोठा. मार्चमध्ये मोह गळायला लागतो, खाली सागाचा, पळसाचा पाला पसरलेला असतो, फुलं दिसत नाहीत. मग झाडाखाली काडी लावतात. बाई टोपलीभर मोह घेऊन घरी जाते आणि मागे राहिलेला निखारा दुपारच्या वाऱ्यावर डोंगर चढतो. तेंदूला नवा, मऊ पाला चांगला फुटावा म्हणूनही जाळ लावतात. त्यापेक्षा छाटणी चांगली, हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण छाटणीला मजुरी लागते आणि काडी फुकट पडते.

तरी बिडी दुय्यम म्हणून सोडून देऊ नका. मोहाची आग कुठे लागणार याचा अंदाज असतो, मोहाची झाडं बीट गार्डला पाठ असतात. बिडीची आग कुठेही लागते. रस्त्याची कड, गुराख्याची बसायची जागा, तळ्याची पाळ, तेंदूच्या फळीकडे (पानं जमा करायच्या जागेकडे) जाणारी पायवाट. आम्ही फेब्रुवारीच्या आत जाळरेषा (आग अडवायला मोकळी केलेली पट्टी) कापून, जाळून साफ करायचो. आणि कुणीतरी नेमकं रेषेच्या पलीकडे जाऊन थोटूक टाकायचं.

आता उपग्रहावरून आगीचे ठिपके कळतात, वनरक्षकाच्या मोबाईलवर संदेश येतो, पाला उडवायला ब्लोअर मशीन आल्या आहेत. आमच्या वेळी हिरव्या डहाळ्यांनी झोडपून विझवायचो. पण उपग्रहाला आग दिसते ती मोठी झाल्यावर. तोवर वनरक्षक पायी पोचायचा असतो. म्हणून फेकतानाच दंड, या विचाराला माझा पाठिंबा आहे.

ऑरेंजसिटी (नागपूर)

बिडीऐवजी खर्ऱ्याला (सुपारी-तंबाखूला) प्रोत्साहन द्या, आगीचा प्रश्नच संपेल. 😀

मोहफूल (गडचिरोली जिल्हा)

@ऑरेंजसिटी, दादा, गडचिरोलीत खर्ऱ्यानं किती तोंडं बंद झाली ते येऊन पाहा. माझ्या काकांना घास गिळता येत नव्हता शेवटी. आमच्याकडे २०१६ पासून मुक्तिपथ या दारू-तंबाखूविरोधी मोहिमेचं काम चालू आहे ते याचसाठी. हा विनोद आमच्या भागात कुणी करत नाही.

ऑरेंजसिटी

ताई, मनापासून माफी. पुन्हा नाही.

मोहफूल

चालेल दादा. आता मुद्द्याचं. मी ग्रामसभेच्या वनसंरक्षण समितीत आहे. जाळरेषा काकांनी मोहाबद्दल लिहिलं ते खरं आहे, पण सगळीकडे तसं उरलेलं नाही. आमच्या टोल्यावर बायका झाडाखालचा पाला झाडून गोल करतात आणि बाहेर ढीग लावतात, जाळत नाहीत. काही ठिकाणी झाडाखाली जाळी बांधतात, मोह मातीतही पडत नाही आणि भाव चांगला मिळतो.

एक गोष्ट कुणीच लिहिली नाही. वन अधिनियमाच्या कलम २६ मध्येच पुढे असं आहे, की राखीव जंगलात मुद्दाम किंवा घोर निष्काळजीपणानं आग लागली तर सरकार त्या भागातले चराईचे आणि वनउपजाचे हक्क वाटेल तेवढे दिवस थांबवू शकतं. समितीच्या प्रशिक्षणात हे ऐकलं आणि मला रात्री झोप आली नाही. बिडी ओढणार कुणी एक पुरुष. मोह, टोरी (मोहाचं फळ), तेंदू, चारोळी गोळा करणाऱ्या आम्ही बाया. त्यानं फेकलेल्या थोटकासाठी आमचा अख्खा हंगाम बंद होऊ शकतो. तेंदूचा सत्तर पानांचा पुडा बांधून बांधून बोटं काळी होतात, त्या पैशावर शाळेची पुस्तकं येतात. म्हणून गावानं आपला नियम आपणच करावा, बाहेरच्याला आमच्यावर नियम लावायची वेळ येऊ देऊ नये.

काळाकोट_वर्धा

ताईंनी नेमकं बोट ठेवलं. तेच पोटकलम तीन. वनहक्क कायदा २००६ खाली मिळालेले सामूहिक हक्क वेगळ्या पायावर उभे आहेत, त्यामुळे ज्या गावांनी दावे मंजूर करून घेतलेत त्यांची बाजू मजबूत असते. त्याच कायद्याच्या कलम ५ मध्ये ग्रामसभेला जंगलाचं रक्षण करायचा अधिकार दिला आहे. मेंढा (लेखा) ला २००९ मध्ये सामूहिक हक्क मिळाला, त्यानंतर गडचिरोलीतली कितीतरी गावं त्या वाटेनं गेली.

वन अधिनियमाचं कलम ७९ पण वाचा. जंगलातून वनउपज घेणाऱ्या माणसावर आगीची खबर देण्याची आणि विझवायला मदत करण्याची कायदेशीर जबाबदारी आहे. टाळली तर महिनाभर कैद किंवा २०० रुपये दंड. आग दिसली आणि पाठ फिरवली, हाही गुन्हा आहे.

विज्ञानमास्तर (अमरावती जिल्हा)

जळत्या थोटकानं खरंच आग लागते का, हा प्रश्न मुलं वर्गात विचारतात. लागते, पण दरवेळी नाही. झुरका घेताना जळत्या टोकाचं तापमान ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास जातं, नुसतं धरून ठेवलं तर ६०० च्या आसपास. वाळलेलं गवत पेटायला त्याच्या निम्मंही पुरतं. मग दरवेळी का पेटत नाही? कारण निखारा चिमुकला असतो, त्याच्यातली उष्णता थोडी असते आणि गवत हवेतला ओलावा धरून असतं. हवेतली आर्द्रता पंचवीस टक्क्यांच्या वर असली तर थोटकानं पाला पेटण्याची शक्यता फार कमी होते. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात दुपारी आर्द्रता त्याच्या खाली सहज जाते. वर गरम वारा. म्हणजे जी बिडी ऑगस्टमध्ये निरुपद्रवी, तीच एप्रिलच्या दुपारी घातक. हंगाम ठरवून दंड लावायची कल्पना म्हणूनच शास्त्राला धरून आहे.

आणखी एक. सागाचं अख्खं पान थोटकानं सहसा पेटत नाही. पण पायाखाली चुरडलेला पाला, वाळलेलं शेण, कुटार, लाकडाचा भुसा आणि कापूस यांच्यात निखारा धुमसत राहतो. कापसात तर तासन् तास आतल्या आत धुमसतो आणि बाहेर काहीच दिसत नाही. घरात कापूस साठवणाऱ्यांनी हे विसरू नये.

पूर्वझाडी

सर, पण बिडी तर ओढली नाही की आपोआप विझते. सिगारेट जळत राहते. माझे वडील गोंदियात बिडी कारखान्याचं काम घरी आणून करायचे, आई पानं कापायची, ते वळायचे. वडील म्हणायचे, चांगल्या वळलेल्या बिडीला सारखं ओढत राहावं लागतं. मग बिडीवाल्यावर एवढा राग का?

विज्ञानमास्तर

बरोबर निरीक्षण आहे. तेंदूचं पान सिगारेटच्या कागदासारखं धुमसत नाही, म्हणून बिडी लवकर विझते. पण माणूस शेवटचा झुरका जोरात ओढतो आणि लगेच फेकतो. त्या घडीला टोक सगळ्यात तापलेलं असतं. पुढचं अर्धं मिनिट धोक्याचं. पायाखाली चिरडली असती तर काहीच झालं नसतं. सिगारेट मात्र कितीतरी जास्त वेळ जळत राहते, म्हणून ठरावात दोन्ही लिहा.

आणि बिडी पेटवलेली काडी! तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. हात हलवून विझल्यासारखी वाटते आणि पाल्यात पडते.

वऱ्हाडी_ठेचा

मास्तर, हे पटलं. पण माहा मुद्दा तसाच हाय. धुरा पेटवणाऱ्याचं काय? अन् एक सांगतो, थोडं जळलं तर जमीन चांगली होते, राखेनं गवत जोमात येते, असं आमचे म्हातारे म्हणत.

जाळरेषा

पहिल्या पावसानंतर गवत हिरवंगार येतं हे खरं. ते पाहून लोकांना वाटतं जंगल सुधारलं. जमिनीवर बसून पाहा. मोहाची रोपं कुठे दिसतात? मोठाली झाडं आहेत, त्यांच्या खाली पोरंबाळं नाहीत. दर उन्हाळ्यात भुईआग फिरते आणि वितभर रोप मरतं. आजची मोहाची झाडं म्हातारी होतील तेव्हा आपली नातवंडं काय वेचणार? तितर, लाव्हे जमिनीवर अंडी घालतात, तीही उन्हाळ्यातच. आणि राख पहिल्याच जोराच्या सरीबरोबर नाल्यात वाहून जाते. हे मी पुस्तकातलं सांगत नाही.

धुऱ्याबद्दल मात्र तुमचं म्हणणं मान्य. धुरा पेटवणाऱ्याला बिडीवाल्यापेक्षा जास्त दंड हवा.

मोहफूल

आमच्या जिल्ह्याच्या शेजारी, गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावच्या ग्रामसभेनं तर तेंदू तोडणंच बंद ठेवलं. बांबूवर गाव चालवलं. प्रत्येक गावाला ते जमणार नाही, आमच्या गावाला नाही जमत. पण गावानं ठरवलं तर किती पुढे जाता येतं ते तिथे दिसतं.

संपादक मंडळ

चर्चा छान चालू आहे. तेंदू लिलाव आणि ठेकेदारांच्या दरावरचे प्रतिसाद वेगळ्या धाग्यात हलवले आहेत. इथे दंडाच्या विषयावर राहू या.

कुटारगाडी (बुलढाणा)

मी सोयाबीनवाला. दोन वर्षांमागे काढणीनंतर लावलेली गंजी रात्रीतून गेली. रस्त्याच्या कडेलाच होती. विम्याचा फोन लावला. तिकडून उत्तर आलं की काढणीनंतरच्या नुकसानीत चक्रीवादळ, अवकाळी पाऊस, गारपीट असं बसतं, तेही कापून सुकायला ठेवलेल्या पिकाला चौदा दिवसांपर्यंत. पीक विम्याचे नियम नंतर मीही वाचले. टाळता येण्याजोग्या धोक्यांमुळे झालेलं नुकसान त्यात वगळलेलं आहे. कुणाच्या तरी बिडीनं गंजी जळाली तर विमा नाही, सरकारी मदतीची खात्री नाही, आणि दोषी सापडत नाही. नगर पंचायतीचा बंब येईपर्यंत गंजीची राख झालेली असते. विहिरीवर मोटर होती, लाईन नव्हती.

मला कुणी विचारलं तर मी म्हणेन दंड पाच हजार ठेवा. माझा राग गेलेला नाही अजून.

पानठेला_चौक

कुटारगाडी भाऊ, वाईट झालं. पण पाच हजार कोणी देणार नाही, आणि जो देणार नाही त्याच्यावरून गावात भांडण होईल. ठेल्यावर बसून मी रोज पाहतो, शंभर रुपयाच्या उधारीवरून बोलणं बंद होते लोकांचं. दंड एवढाच ठेवा की माणूस लाजेनं देऊन टाकेल.

ऑरेंजसिटी

माझी बहीण ऑस्ट्रेलियात सिडनीजवळ राहते. तिथला अनुभव लिहितो, उपयोगी पडेल. न्यू साऊथ वेल्समध्ये २०२० पासून गाडीतून जळती सिगारेट फेकली तर ६६० डॉलर दंड आणि लायसन्सवर पाच दोषगुण. फेकणारा शेजारी बसलेला असला तरी दंड त्याला होतोच. आगबंदी जाहीर झालेल्या दिवशी दंड आणि गुण दोन्ही दुप्पट, कोर्टात गेलं तर ११,००० डॉलरपर्यंत. रक्कम आपल्या कामाची नाही. मला आवडलं ते हे, की आग लागण्याची वाट पाहत नाहीत, आणि हवा बिघडली की त्या दिवसापुरता दंड वाढतो. बहीण म्हणते आगबंदीच्या दिवशी रेडिओवर सारखं सांगतात, लोक अंगणातली शेगडीसुद्धा पेटवत नाहीत.

विज्ञानमास्तर

हे आपल्याकडेही करता येईल. हवामान खातं उष्णतेच्या लाटेचा इशारा देतं. ज्या दिवशी जिल्ह्याला इशारा, त्या दिवशी सकाळी ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून सांगायचं: आज रानात बिडी बंद, धुरा पेटवणं बंद.

वऱ्हाडी_ठेचा

भोंग्याचं जमते. आमच्या सरपंचाले भोंग्यावर बोलाले तसंही लय आवडते. 😀

काळाकोट_वर्धा

आता धुऱ्यावरचा भाऊंच्या मूळ प्रश्नाकडे. ग्रामसभेनं ठराव करून दंड ठरवला तर तो गावाच्या संमतीचा नियम असतो. ज्यानं मान्य केला त्यानं भरला, पावती दिली, वाद नाही. पण एखाद्यानं ठाम नकार दिला तर जबरदस्तीनं वसुली करता येणार नाही, त्याची गाडी किंवा ढोरं अडवून ठेवता येणार नाहीत. आणि सगळ्यात महत्त्वाचं: दंड न देणाऱ्याचं पाणी बंद, किराणा बंद, बोलणं बंद, हे चुकूनही करू नका. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आहे. बहिष्कार टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. बिडीवाला सुटेल आणि पंच आत जातील.

नकार देणाऱ्यासाठी मार्ग असा: दोन साक्षीदारांची नावं, वेळ, जागा, जमलं तर फोटो, आणि ग्रामसभेचं पत्र जोडून वनरक्षकाकडे किंवा पोलिस ठाण्यात तक्रार. एकदा नोंद झाली की पुढच्या वेळी ‘अज्ञात कारण’ लिहिणं सोपं राहत नाही.

मोहफूल

पैशाऐवजी काम का नको? आमच्याकडे पहिल्यांदा सापडला तर एक दिवस जाळरेषा साफ करायला यायचं असं बोलणं झालं आहे. ज्याच्या हातानं एकदा पाला ओढला तो पुन्हा थोटूक टाकताना विचार करतो. गरिबाच्या खिशाचा प्रश्नही मिटतो, ठेचा दादा.

वऱ्हाडी_ठेचा

हे मले पटलं ताई. पण मोठ्या घरचा माणूस आपल्या जागी गडी पाठवते, हे लिहून ठेवा.

काळाकोट_वर्धा

ठरावात ‘स्वखुशीनं’ हा शब्द टाका आणि पैसे किंवा श्रम यांतून निवड त्याची त्याला करू द्या. सक्तीचं काम संविधानाच्या कलम २३ मध्ये बसत नाही. आणि हो, ‘स्वतः’ हा शब्दही टाका, ठेचा भाऊंची शंका रास्त आहे.

गस्तीवाला (नागपूर जिल्हा)

बाहेरच्या गाड्यांबद्दल. आमचं गाव पेंचकडे जाणाऱ्या हायवेला लागून आहे. ट्रक, पर्यटकांच्या गाड्या, सगळे काच खाली करून टाकतात. त्यांना ग्रामसभेचा ठराव काय कळणार? आम्ही दोन गोष्टी केल्या. ढाब्यावाल्यांना सांगून रेतीचे डबे ठेवले आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंचं गवत जानेवारीतच कापलं, तणकट उरूच दिलं नाही. गाडी थांबवायच्या भानगडीत पडू नका, मारामारी होते. नंबर लिहून घ्या.

जाळरेषा

गवत कापणं हा सगळ्यात खात्रीचा उपाय. रस्त्याच्या कडेची आग बहुतेक वेळा पहिल्या वीस-पंचवीस फुटांत सुरू होते. तेवढी पट्टी मोकळी ठेवली तर थोटूक मुरमावर पडून विझतं.

धुऱ्यावरचा

मंडळी, ग्रामसभा झाली. तुमच्या प्रतिसादांच्या प्रिंट काढून नेल्या होत्या. बोलणं तासाच्या वर चाललं, आवाज चढले, पण ठराव झाला. ठळक गोष्टी लिहितो.

काळ १५ फेब्रुवारी ते १५ जून, आणि सोयाबीन काढणीच्या दिवसांत गंजीपासून तीस पावलांच्या आत. जळती बिडी, सिगारेट किंवा काडी फेकताना सापडला तर पहिल्यांदा १०० रुपये किंवा स्वतः, स्वखुशीनं एक दिवस जाळरेषेचं काम. दुसऱ्यांदा २०० रुपये. उष्णतेच्या इशाऱ्याच्या दिवशी दुप्पट. धुरा किंवा पऱ्हाट्या न सांगता पेटवल्या तर ५०० रुपये. ठेचा भाऊ, हे तुमच्यामुळे आलं, आणि सभेत यालाच सगळ्यात जास्त विरोध झाला. बहिष्कार नाही हे वेगळ्या ओळीत लिहिलं. पैसे वेगळ्या वहीत, त्यातून मोहाच्या झाडांसाठी जाळ्या घ्यायच्या. दोन्ही पानठेल्यांवर रेतीचे डबे ठेवून झाले.

पावती फाडायचं काम बचत गटाच्या बायांनी मागून घेतलं. पुरुष पुरुषाला दंड करत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि सभेत कुणी ते खोडलं नाही.

कुटारगाडी

तीस पावलं कमी आहेत भाऊ. वारा असला तर पुरत नाहीत. पन्नास करा. आणि गंजी रस्त्यापासून आत लावायचं बंधन शेतकऱ्यावर पण टाका, मी आता तसंच लावतो.

धुऱ्यावरचा

पन्नासचा बदल पुढच्या सभेत मांडतो. गंजी आत लावायचं आजच भोंग्यावर सांगायला लावतो.

पूर्वझाडी

आमच्याकडे धानाचे पुंजणे (कापलेल्या पिकाच्या गंज्या) आणि तणसाचे (पेंढ्याचे) ढीग घराला लागून असतात, तिथे अंतर ठेवायला जागाच नाही. त्यासाठी काय लिहावं?

गस्तीवाला

ढिगाजवळ पाण्याचा ड्रम आणि दोन बादल्या, उन्हाळाभर भरलेल्या. आमच्या ठरावात आहे, मजकूर व्यनि करतो.

मोहफूल

मलाही पाठवा. आमची समितीची बैठक रविवारी आहे. पावतीचा नमुना धुऱ्यावरचा दादांनी इथेच टाकला तर बरं होईल, आम्ही गोंडीतून पण लिहून घेऊ.